मक्याला चुना लावा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले काही ‘हां’ आणि ‘म्हणजे’ कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

एसटीत असाल, कंपनीच्या बसमध्ये असाल, गोठ्यात असाल, नाहीतर फोन पिठाच्या डब्याला टेकवून चपात्या लाटत असाल, तर आवाज जरा वाढवा. माझ्याकडे बाहेर ट्रॅक्टर चालू आहे. न्हावऱ्यात बसून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे हे चालायचंच.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. टाको शिकव, इथिओपियाची ती जाळीदार पोळी शिकव, ओव्हनशिवाय केक होतो का. आणि जवळजवळ प्रत्येकाची शेवटची ओळ एकच, की ताई, आमच्याकडे सामान मिळत नाही. चीज पुण्याहून आणावं लागतं. ओरेगॅनो म्हणजे कधीतरी पिझ्झाबरोबर आलेल्या दोन पुड्या, त्या फ्रिजच्या दारात पडून आहेत.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. सामान बऱ्याचदा घरातच असतं. आपल्याकडे पोचत नाही ती कृती. कृती म्हणजे रीलमध्ये तीस सेकंदांत दिसते ती नाही हो. तिच्या आतलं, धान्याचं असं का करायचं, किती वेळ थांबायचं, ते. पदार्थ प्रवास करतो, नाव प्रवास करतं, आणि नेमकं हेच मागे राहतं. ते मागे राहिलं तर फार तर चव बिघडेल असं आपल्याला वाटतं. पण एका धान्याच्या बाबतीत त्यापायी माणसं मेलीत. एकदोन नाही, पिढ्यान्‌पिढ्या. ते धान्य म्हणजे मका.

आमच्याकडे मका म्हटलं की आधी मुरघास आठवतो. म्हणजे गाईचं खाणं. पावसाळ्यात कणसं भाजतो, मीठ-मिरची-लिंबू लावतो, तेवढाच माणसाचा वाटा. मक्याची भाकरी कुणी केलीच तर ती थापताना कडेला चिरते आणि गार झाली की वाळक्या पानासारखी तुटते. म्हणून मका आपला नाही, असं आपण ठरवून टाकलंय.

मका मूळचा मेक्सिकोकडचा. तिथल्या बायका तो नुसता दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग वाटतात. पूर्वी काही ठिकाणी चुन्याऐवजी चुलीतली राखही वापरायचे. ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. त्या मक्याला त्यांच्या जुन्या नहुआत्ल भाषेतून आलेला शब्द आहे, निश्तमाल. त्याच्या पिठाला म्हणतात मासा. आपला मासा नाही हं, मक्याचा. त्याच गोळ्याची तोर्तिया होते, आणि तोर्तियात काहीतरी घालून दुमडली की झाला टाको.

१४९२ नंतर स्पेनच्या लोकांनी मका युरोपात नेला. पीक भरघोस, बी स्वस्त. उत्तर स्पेन, उत्तर इटली, तिथल्या गरिबांनी तो उचलून धरला. इटलीत त्याचं घट्ट पिठल्यासारखं करतात, पोलेंता. आता ती मोठ्या हॉटेलात मिळते, तेव्हा ते मजुराचं रोजचं जेवण होतं. पण बोटीतून मका गेला, चुना गेला नाही. नेणाऱ्याला वाटलं असणार, काय त्या बायका चुना-बिना लावत बसतात, सालं काढायलाच ना? आपल्याकडे गिरण्या आहेत.

आणि मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गावांत एक विचित्र आजार दिसायला लागला. उन्हाने भाजल्यासारखी कातडी सोलायची, गळ्याभोवती लाल पट्टा उमटायचा, जुलाब, मग डोक्यावर परिणाम, मग मरण. १७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल नावाच्या डॉक्टरने त्याची लक्षणं टिपली. इटलीत त्याला नाव पडलं पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, जिथे गरीब लोक मक्याच्या भरड्यावर जगत होते, तिथेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच साथ. सगळ्यांना वाटायचं हा संसर्ग आहे. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासाला पाठवलं. त्याने बघितलं की अनाथाश्रमात मुलांना होतो, वेड्यांच्या इस्पितळात रुग्णांना होतो, पण त्यांची देखभाल करणाऱ्यांना होत नाही. म्हणजे जंतू नाही, ताट. लोकांचा विश्वास बसेना म्हणून त्याने रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही झालं नाही. अखेर १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेहेमने दाखवलं की कमी पडत होतं ते नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व.

आता गंमत म्हणा नाहीतर दुर्दैव म्हणा. मक्यात नायसिन असतं. पण ते बांधलेलं असतं, आपल्या पोटाला सुटत नाही. चुना ते सोडवतो. बास. एवढंच काम होतं त्या चुन्याचं. मेक्सिकोच्या बायकांना नायसिन हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांनी एकही दिवस चुना चुकवला नाही.

लगेच छाती फुगवून ‘आमची ज्वारीच बरी’ म्हणू नका. ज्वारीवर, आणि फक्त ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनमधल्या गरिबांतही पेलाग्रा होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्यावर लिहिलंय. भाकरीबरोबर डाळ, ताक, शेंगदाणे, पालेभाजी लागतेच. कोरडी भाकर आणि मिरची हे गाण्यात छान वाटतं.

तर चला, करून बघू. एक किलो मका. कुठला? हे नीट ऐका. पेरायचं बियाणं अजिबात घ्यायचं नाही, त्याला औषध चोळलेलं असतं, गुलाबी-लाल दिसतं ते. कोंबडीखाद्याचा जुना, काळपट डाग पडलेला मकाही नको, त्यात बुरशीचं विष असू शकतं. घरचा वाळवलेला असेल तर उत्तम, नाहीतर किराणा दुकानातून स्वच्छ दाणा निवडून आणा. चुना खायचा. भिंतीला लावायचा नाही. कोरडी पूड असेल तर किलोला दहा ग्रॅम, पानाच्या टपरीवरचा ओला असेल तर दोन सपाट चमचे. तीन लिटर पाणी आणि स्टीलचं पातेलं. ॲल्युमिनियम नको, चुना त्याला खातो.

चुना आधी पाण्यात कालवा, मका घाला, उकळी आली की मंद आचेवर पाऊणएक तास. बोटांनी चोळल्यावर साल निसटायला लागली की बंद. झाकून रात्रभर. सकाळी पाणी पिवळंधमक झालेलं असतं. ते टाका, आणि मका तीन पाण्यांतून चोळून धुवा. वास बदललेला असतो. कच्च्या मक्याचा हिरवट वास जातो आणि जो येतो तो तुम्हाला ओळखीचा आहे, मक्याच्या चिप्सचं पाकीट फोडल्यावर येतो ना, तो.

वाटायला आमच्याकडे अजून पाटा आहे, आणि खरं सांगते, पाट्यावर सगळ्यात छान होतं. मिक्सरमध्ये करायचं तर थोडं थोडं, पाणी अगदी चमचा-चमचा. मीठ घाला, मळा. आणि आता जादू बघा. तोच मका, जो भाकरीला चिरत होता, तो कणकेसारखा धरतो. दुधाची पिशवी कापून तिच्या दोन तुकड्यांमध्ये लिंबाएवढा गोळा ठेवा, वरून सपाट बुडाचं पातेलं दाबा. कडक तव्यावर टाका, अर्ध्या मिनिटाने उलटा, पुन्हा उलटा. फुगते. फडक्यात गुंडाळून ठेवली की दुपारपर्यंत मऊ राहते.

वर काय? मेयॉनीज नको, मी हात जोडते. तिकडे मक्याबरोबर शेंगांचे दाणे असतात, तर आपल्याकडे घेवडा आहे, मटकी आहे. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू. आणि ठेचा. त्यांच्याकडे दगडाचा खल असतो, मोल्काहेते म्हणतात, त्यात ते मिरची-टोमॅटो ठेचतात. म्हणजे तुमच्या आजीच्या खलबत्त्यासमोर मेक्सिकन बाई बसवली तर तिला पाच मिनिटांत सगळं सापडेल. मिरची तर तिच्याच मुलखातून आपल्याकडे आलीय.

माझ्या आजीने पहिली तोर्तिया हातात घेऊन दोनदा दुमडली, उलगडली, परत दुमडली. म्हणाली, ‘‘अगं, ही मोडंना की!’’ मग मला म्हणाली, ‘‘चुन्याची निवळी आम्ही पोरांना द्यायचो, मक्याला द्यायची हे कुणी सांगितलंच नाही.’’ आजीला दात चारच आहेत. तिने तीन खाल्ल्या.

आता ‘परदेशी’ या शब्दाबद्दल थोडं बोलते, कारण मेसेजमध्ये कुणीतरी लिहिलंय की हे फॉरेनचे पदार्थ गावात कशाला. ठीक आहे. न्हावऱ्याहून लांब नाही, आपल्याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, सांकलिया आणि ढवळीकर यांच्या काळात. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांचं मोठं गाव होतं. घरं सापडली, चुली सापडल्या, धान्याची पेवं सापडली, पाण्याचा कालवासुद्धा. आणि त्यांचं मुख्य धान्य कुठलं होतं? जव. सातू म्हणतो ना आपण, तो. जवाचं मूळ पश्चिम आशियात, इराक-सीरियाच्या बाजूला. म्हणजे घोड नदीकाठी सर्वात आधी ज्यांच्या चुलींचा पत्ता लागलाय, त्या लोकांचं रोजचं जेवण परदेशी होतं! जाता जाता, इनामगावात कुंभार, सोनार यांच्याबरोबर चुना करणाऱ्याचंही घर ओळखता आलंय. चुना होता, फक्त मका यायला अजून अडीच हजार वर्षं होती.

आणि भाकरी? ज्वारी आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूची. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिण काठाची. नाचणीसुद्धा आफ्रिकेतलीच. मालदांडी शाळूची भाकरी, वर लोण्याचा गोळा, याच्यापेक्षा मराठी काय असतं सांगा. पण दाणा समुद्र ओलांडून आलाय.

मग सुदानमध्ये ज्वारीचं काय करतात हे बघावंसं वाटणारच. ते पीठ आंबवतात आणि तव्यावर कागदासारखं पातळ पसरतात, त्याला किस्रा म्हणतात. शेजारी इथिओपियात इंजेरा. ती मुळात तेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याची, पण कितीतरी भागांत तेफमध्ये ज्वारी मिसळतात, कुठे नुसत्या ज्वारीचीही करतात. आपण ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवतो आणि शिजवून आंबील पितो. आंबवणं तेच, पुढची वाट वेगळी.

त्याचं प्रमाण वगैरे फार नाही. दोन वाट्या ज्वारीचं ताजं पीठ, तीन वाट्या पाणी, दोन चमचे आंबट ताक, झाकून दोन दिवस. उन्हाळ्यात एकच दिवस, नाहीतर नाक मुरडायची वेळ येते. फसफसलं की त्यातलं अर्धी वाटी पीठ काढून एक वाटी पाण्यात खळीसारखं शिजवायचं आणि गार करून परत त्यात कालवायचं. ही पायरी सोडू नका. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरीच्या पिठाची विरी गेली की आपण गरम पाणी घालून ते सांधतो ना, तेच काम ही खळ करते. मग झाकणाचा तवा, एकाच बाजूने भाजायचं, उलटायचं नाही. वर डोळे पडतात, जाळी होते. ती जाळी रस्सा शोषून घेते. तिकडे त्यावर डाळीचं दाट कालवण वाढतात, इथे मी आमटीबरोबर देते. घरात कुणी म्हणतं हे घावन आहे. म्हणू द्या.

आता ओव्हन. इथे जरा थांबणार आहे मी, कारण दौंडकडच्या एका मुलीचा मेसेज आलाय आणि तिने नाव घेऊ नको म्हटलंय. ती बचत गटातून वीस हजार उचलायचं म्हणतेय. ओव्हन, बीटर, फिरतं टेबल, नोझलचा सेट. घरून केकच्या ऑर्डरी घ्यायच्या. नवरा म्हणतो बघ बाई, सासू म्हणते दूध काय वाईट आहे. तिने विचारलंय, घेऊ का?

मी स्वतः चार वर्षं ऑर्डरी घेते, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे. आपल्या भागात वाढदिवसाला केक लागतो, आता तर तेराव्या महिन्याच्या वासरालाही कापतात. मागणी आहे. पण आजूबाजूच्या दहा गावांत घरून केक करणाऱ्या किती जणी आहेत बघा, आणि त्या काय करतात बघा. प्रीमिक्सचं पाकीट, पाणी, तेल. वर पाकिटातली क्रीम, जिच्यात बहुतेक वेळा दूध नसतं, घट्ट केलेलं पाम तेल आणि साखर असते. पाकीट सगळ्यांचं सारखं, त्यामुळे चव सारखी, त्यामुळे भांडण फक्त भावाचं. तू साडेचारशे, मी चारशे, ती साडेतीनशे. यात जिंकतो पाकीटवाला. मी पाकिटाला वाईट म्हणत नाही, अडीअडचणीला मीही फोडते. पण बेकिंग शिकायला म्हणून कर्ज काढायचं आणि शिकायचं पाकीट कापायला, हा हिशेब मला पटत नाही. युरोपने मका नेला आणि चुना विसरला, तसंच आहे हे. केक आला, पण अंडं फेटल्यावर काय होतं, सोडा कशाने उठतो, मैद्याऐवजी दुसरं पीठ घातलं तर कोण धरून ठेवणार, हे आलंच नाही.

तर तिला सांगणं हे. क्रीमचा केक विकायचा असेल तर पहिली गरज ओव्हनची नाही, फ्रिजची आहे. एप्रिलमध्ये दुपारी लाईट गेली की क्रीम वितळते, ओव्हन कितीही भारी असो. ओव्हनला दीड हजार वॅट लागतात, म्हणजे तासाला दीड युनिट, आणि सलग तासभर लाईट. ती कधी असते हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आधी डिजिटल वजनकाटा घे, काही शे रुपयांत येतो. घरातल्या कढईत सहा वेगवेगळ्या गोष्टी भाज. ओळखीच्या दहा घरी दे, आणि कुणी दुसऱ्यांदा मागतं का ते बघ. चांगलं म्हणतात का ते नाही बघायचं, चांगलं सगळेच म्हणतात. मागतात का ते बघ. मागितलं तर कर्ज काढ, मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येईन.

आणि अजून एक वाट आहे जी आपल्याकडे होती. दिवाळीच्या आधी रवा, तूप, साखर, मैदा डब्यात भरून बायका बेकरीत जायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. अजूनही जातात काही ठिकाणी. सामान आपलं, भट्टी त्याची, भाजणावळ देऊन पत्र्याचा डबा भरून घरी. मोरोक्कोत अशा मोहल्ल्याच्या भट्ट्या आहेत, फर्रान म्हणतात. घरोघरी कणीक मळतात, पोरं ती फळीवर ठेवून भट्टीवाल्याकडे नेतात, आणि कुठला पाव कुठल्या घरचा हे त्याला बरोबर कळतं. तालुक्याच्या ठिकाणी लाकडाच्या भट्टीची बेकरी असेल तर जाऊन विचारा. पहाटेचे पाव निघाल्यावर भट्टी कितीतरी वेळ तापलेली असते. ती धग वाया जाते. चार जणींनी मिळून आठवड्यातून एक दिवस ठरवला तर ओव्हनच कशाला हवा? बेकरीवाला नाही म्हणेल कदाचित. विचारायला पैसे पडत नाहीत.

घरी करायचं तर कढई. जाड बुडाची कढई, तळाला दोन वाट्या वाळू किंवा जाडं मीठ, वर लोखंडी रिंग, घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवायची, मग भांडं आत, आच मंद. कुकरमध्ये करत असाल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढा. दोन्ही! अडचण एकच, धग खालूनच येते, त्यामुळे बूड लाल आणि माथा फिका. त्यावर जुना उपाय आहे. कोकणात काकडीची तवसळी करतात, गोव्यात बेबिंका करतात, तिथे झाकणावर निखारे ठेवतात. खाली विस्तव, वर विस्तव. मागच्या अंगणात चूल असेल तर तुमच्याकडे ओव्हन आहेच, त्याला फक्त नाव नाही.

यात मी सगळ्यात जास्त काय करते, तर पार्किन. इंग्लंडच्या यॉर्कशायरकडचा केक. नोव्हेंबरच्या पाच तारखेला तिकडे शेकोट्या पेटवतात, तेव्हा खातात. त्यात ओटचा भरडा आणि ट्रीकल, म्हणजे साखर कारखान्यातून निघणारा काळा पाक, आणि भरपूर सुंठ. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. भरड धान्य, उसाचा काळा पाक, सुंठ! न्हावऱ्यात घोडगंगा कारखाना, दौंड तालुक्यात गुऱ्हाळं, घरात बाजरी. आणि हा केक म्हणे यॉर्कशायरचा.

ट्रीकलऐवजी काकवी घ्यायची. चव तंतोतंत तीच नाही, काकवी कमी कडवट असते, मला तर तीच जास्त आवडते. लिहून घ्या. गव्हाचं पीठ १५० ग्रॅम, बाजरीचं जाडसर पीठ १०० ग्रॅम. गहू हवाच, नुसत्या बाजरीला धरायला काही नसतं. काकवी २०० ग्रॅम, गूळ ६० ग्रॅम, तूप १२० ग्रॅम, हे तिन्ही मंद आचेवर फक्त विरघळवायचं, उकळायचं नाही. पिठात दोन चमचे सुंठ, अर्धा चमचा दालचिनी, एक सपाट चमचा सोडा, चिमूट मीठ. पाक कोमट झाला की पिठात ओता, एक अंडं, चार चमचे दूध. अंडं चालत नसेल तर एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, बुळबुळीत होते, ती घाला. आणि दुधाऐवजी आंबट दही घ्या. सोड्याला आंबट लागतं. काकवी-गूळ थोडे आंबट असतात, पण गुऱ्हाळात रस साफ करताना कमी-जास्त चुना घालतात, त्यामुळे भरवसा नाही. गूळ काळपट घ्या. पिवळाजर्द, दिसायला देखणा गूळ बऱ्याचदा पावडर मारून केलेला असतो.

पीठ ताजं दळा, याला पर्याय नाही. बाजरीत तेल जास्त, आठवड्यात पीठ कडू होतं, आणि मग सगळा दोष केकला जातो. भांड्याला तूप लावा, तळाला कागद, आणि कढईत मंद आचेवर पन्नास मिनिटं ते तास. सुरी घालून बघा, कोरडी आली की काढा.

त्या दिवशी खाल्लात तर म्हणाल, ही काय वीट दिलीस ताई. पार्किन ताजं खायचंच नसतं. गार झालं की कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घाला आणि तीनचार दिवस विसरा. काकवी हवेतला ओलावा ओढते, केक आतून मऊ, चिकट होत जातो, सुंठ मुरते. म्हणून तर गिऱ्हाइकाला द्यायला हा बरा. आदल्या रात्री जागावं लागत नाही, फ्रिज लागत नाही, लाईट गेली तरी बिघडत नाही. मी रविवारी करते, गुरुवारी देते. कंपनीच्या दुसऱ्या पाळीला जाणारी पोरं डब्यात नेतात, चहाबरोबर. वर क्रीम नाही म्हणून सुरुवातीला लोक केक म्हणायलाच तयार नव्हते. मी म्हटलं, वडी म्हणा.

डबा मात्र लपवून ठेवा. आमच्याकडे पिठाच्या पिंपामागे असतो, आणि तो तिथे असतो हे आजीला माहितीय.

पुढच्या भागात पत्ताकोबी आणि कोरियन किमची घेऊ. रांजणगावच्या एमआयडीसीत कोरियन कंपनीत काम करणाऱ्या दोघांनी प्रश्न पाठवलेत, खारवण्याचं मीठ किती, यावरून त्यांची आपसातच जुंपलीय. तोवर कुणी मका केला तर फोटो पाठवा, चुना किती घातला तेही लिहा. चला, लाईट जायची वेळ झाली. बंद करते.